परमुलखातला चर

साक्रीच्या एसटी स्टँडवर धुळ्याची गाडी लागली तेव्हा आबा कंडक्टरशी हुज्जत घालत होते. माझी ट्रंक टपावर टाकायची नाही, आत ठेवायची, पोरगा विलायतेला चालला आहे, असं त्यांचं म्हणणं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, माझी गाडी विलायतेला जात नाही. धुळ्यापर्यंत टपावर काही होत नाही." सगळे हसले, आबाही हसले. मग खिडकीशी येऊन ते हळूच म्हणाले, "तठे कोनी इचारं तर सांग, शेतकरीना पोऱ्या शे." माय मागे उभी होती. तिला काही सांगायचं होतं, पण गाडी सुटली.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मी साखर कारखान्याच्या मद्यार्क विभागात, प्रयोगशाळेत नोकरीला होतो. तिथल्या एका साहेबांच्या ओळखीने स्कॉटलंडच्या एका बेटावर, व्हिस्कीच्या लहानशा कारखान्यात जागा मिळाली. घरात आनंद होता आणि लाजही होती. आबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. पारावर त्यांचे सोबती दारू गाळण्यावरून चिडवायचे, "आबा, पोऱ्याले इतलं शिकाडं ते दारू गायाले का?" आबांकडे त्याला उत्तर नव्हतं. ते उत्तर पुढे मी त्यांना दिलं, आणि तेच माझ्या गळ्याशी आलं.

इथे व्हिस्कीसाठी जव भिजवून मोड आणतात आणि मग धुरावर वाळवतात. तो धूर पीटचा. पीट म्हणजे ओल्या माळावर हजारो वर्षं न कुजता साठलेलं शेवाळ आणि गवत. ते विटांसारखं कापायचं, वाऱ्यावर वाळवायचं आणि जाळायचं. दिसायला आपल्या गवऱ्यांसारखंच. पण गवरी चार दिवसांत वाळून तयार होते आणि पीटचा वीतभर थर साठायला दोनशे वर्षं लागतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसली ती एक ओली, काळी, पाय रुतणारी जमीन. आमच्याकडे अशा जमिनीला चिबड म्हणतात.

आमचं शेत पाटाच्या शेवटी. वरच्यांचं भिजवून उरलेलं पाणी आमच्यात येऊन साचायचं, मुळं सडायची. त्यामुळे आबा चर खोदण्यात तरबेज झाले होते. उतार बघून मधोमध मोठा चर, त्याला दोन्ही बाजूंनी लहान चर, माशाच्या काट्यासारखे. शिवारातले लोक त्यांना बोलावून न्यायचे. "पानी साचनं का जमीन मरस," हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

दुसऱ्या वर्षी कारखान्याने पीट कापायचं यंत्र आणलं आणि ते माळावर रुतून बसलं. इथला साहेब वैतागला होता. मी कागदावर आबांचे चर काढून दाखवले. पाणी काढून देणं त्यांनाही नवं नव्हतं, जुने उथळ चर होतेच. पण मी उतार मोजला, खोली ठरवली, उन्हाळाभर माणसांबरोबर उभा राहिलो. पुढच्या वर्षी यंत्र माळावर सरळ चाललं. साहेबाने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी ते घरी कळवलं, आणि पारावर आबांना उत्तर मिळालं. "मना पोऱ्यानी गोऱ्यास्ले चर खंदाले शिकाडं." कुणी दारूचा विषय काढला की ते म्हणायचे, "दारू मांगे, पह्यले चर."

माळाच्या पायथ्याशी कॅलम नावाचा म्हातारा एकटा राहायचा. त्याच्या घरी नळयोजनेचं पाणी नव्हतं, माळातून पाझरणाऱ्या झऱ्याला जोडलेला एक पाइप होता. परक्या मुलखात मला पहिल्यांदा घरात बोलावून चहा देणारा माणूस तो. माझी थट्टाही करायचा, "तुमच्याकडे पाऊस कमी म्हणे. जाताना इथला पोतंभर घेऊन जा." चर खोदले जात होते तेव्हा तो एकदा येऊन उभा राहिला. म्हणाला, "पोरा, हा माळ ओलाच असतो. त्याचं कामच ते आहे." मी त्याला चिबड जमिनीबद्दल सांगितलं. तो ऐकून घेऊन निघून गेला.

तीन-चार वर्षांत माळ खचला. वरचा थर सुकून तडकला. सुकलेलं पीट पुन्हा पाणी धरत नाही, भुगा होतो. पाऊस पडला की झऱ्यातून काळं पाणी लोंढ्याने यायचं, आणि एका कोरड्या उन्हाळ्यात झरा थांबला. मी कारखान्याच्या गाडीतून कॅलमला कॅन भरून नेऊन द्यायचो. तो म्हणायचा, "आता तू माझा पाणक्या." हसायचा, मला मान वर करता यायची नाही. थंडीच्या तोंडावर त्याची मुलगी ग्लासगोहून आली आणि त्याला घेऊन गेली. त्या दिवशी धक्क्यावर मी त्याची पेटी उचलली. मी घर सोडून इथे आलो होतो, आणि माझ्यामुळे इथला माणूस घर सोडून चालला होता.

नव्वदच्या दशकात नवा साहेब आला. जव ओले असतात तेव्हाच धूर धरतात, हे त्याने आम्हाला करून दाखवलं. पीट भुगा करून सुरुवातीचे काही तासच मंद जाळायचं. निम्म्या पीटमध्ये तोच वास येऊ लागला. यंत्राने कापणं बंद झालं आणि चर बुजवायचं ठरलं. ते काम मी मागून घेतलं. दर काही पावलांवर ओल्या पीटचा बांध दाबून घालायचा, पाणी मागे सारायचं आणि वाट बघायची.

त्या सुमारास रजेवर गावी गेलो. पारावर आबांनी मला मुद्दाम शेजारी बसवलं. "सांग रे, कितला लांब चर शे तो." मी काहीतरी आकडा सांगितला. माना डोलल्या. पण दुसऱ्या दिवशी बांधावर आम्ही दोघेच होतो, तिथे मी सगळं सांगून टाकलं. आबा जमिनीकडे बघत ऐकत होते.

"मंग बुजी टाक," ते म्हणाले.

बुजवतोय, असं मी सांगितलं.

"पानी थांबस का?"

थोडं थांबतं म्हणालो.

"आनि तो म्हतारा? उना का परत?"

नाही म्हणालो. त्या संध्याकाळी आबा पारावर गेले नाहीत. मायने सांगितलं, नंतरही जाणं कमी केलं. गेले तर चराचं नाव काढायचे नाहीत. कुणी दारूवरून बोललं की उठून यायचे. खरं सांगून मी हलका होईन असं वाटलं होतं. आबांकडे होतं नव्हतं ते एक उत्तर मात्र मी काढून घेतलं. दोन वर्षांनी ते गेले. विमान मिळून मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

बांधांमागे आता डबकी दिसतात. कडेने हिरवं शेवाळ धरलं आहे, तळहाताएवढं, कुठे सुपाएवढं. तडकलेला भाग तसाच आहे. तो माझ्या हयातीत सांधणार नाही, पुढच्या पिढीच्याही नाही. मागच्या वर्षी झरा पुन्हा वाहू लागला. मी ग्लासगोला फोन केला. फोन मुलीने घेतला. कॅलम आदल्या हिवाळ्यातच गेला होता.

त्याचं घर बंद आहे. मुलीने दिलेली किल्ली माझ्याकडे असते. थंडीत पाइप गोठून फुटू नये म्हणून मोरीतला झऱ्याचा नळ बारीक चालू ठेवावा लागतो. रविवारी जाऊन मी तो बघतो, चूल पेटवून भिंतींना ऊब देतो आणि कुलूप लावून परततो. तिकडे साक्रीजवळच्या घरात माझ्या खोलीतली गादी माय उन्हात घालते. तुम्ही, गावी मागे राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले सगळे, मला विचारता, तुझं घर आता कुठलं? मला ही दोन्ही घरं दिसतात. दोन्हीकडे सगळं तयार आहे, फक्त ज्याच्यासाठी तयार आहे तो माणूस नाही.

दर आठवड्याला फोनवर माय विचारते, "कव्हय येशी, भाऊ?" मी तिला इथल्या पावसाचं सांगू लागतो.