मावशींच्या डोळ्याला पाणमोट

प्रसूतिगृहात छत्तीस वर्षं सुईण म्हणून काम केलेल्या बाईंना सगळे मावशीच म्हणत. निवृत्तीनंतर एकदा कुंपण छाटताना फांदी सपकन डोळ्यावर आली. दुकानातून आणलेले थेंब घालत त्यांनी चार दिवस काढले आणि तिथेच घात झाला. डोळा लालभडक झाला, बुबुळावर पांढरा ठिपका उमटला.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी बुरशीचा संसर्ग असल्याचं सांगून तासातासाला घालायचं औषध लिहून दिलं. ते काम यजमानांनी अंगावर घेतलं. हयातभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. काटा तासावर आला की बाटली घेऊन हजर.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच वेळेवर येताय," मावशी म्हणाल्या. ते हसले, पण हात हलू दिला नाही.

तीन आठवड्यांत बुरशी हटली, जखम मात्र भरेना. बुबुळावरचा पारदर्शक थर पातळ होत चालला होता. आता नुसत्या औषधांवर भागणार नाही, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. जखमेवर एक नाजूक पापुद्रा शिवायचा, त्याच्या आधाराने ती भरून येईल. सिझेरियनच्या वेळी बायकांनी दिलेला, तपासून गोठवून ठेवलेला.

"म्हणजे पाणमोट?"

"तीच. बाळाभोवतीच्या पिशवीचा आतला पदर."

मावशींना प्रसूतिगृहातले दिवस आठवले. वार पाणमोटेसकट पूर्ण पडली ना, एवढं उलटसुलट करून बघायचं आणि बादलीत टाकायचं. अशा किती बादल्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. ही कोणाची, असं त्यांनी विचारलं. ते सांगता येत नाही, असं उत्तर आलं.

"जी कोणी असेल ती आणि तिचं बाळ सुखात असू दे," म्हणत त्यांनी सही केली.

पापुद्रा हळूहळू विरघळला, जखम भरली. डोळ्यात पांढरट फूल राहिलंच. त्या डोळ्याने यजमानांचा चेहरा धूसर दिसतो, मिशी तेवढी कळते.

आता मावशी अधूनमधून जुन्या प्रसूतिगृहात जाऊन सिझेरियन ठरलेल्या बायकांशी पाणमोट देण्याबद्दल बोलतात. परवा एकजण कचरत होती. बाळाच्या वाट्याचं काही जाईल, अशी तिला धास्ती. मावशींनी तिला आपला डोळा जवळून पाहू दिला.

"दुखतो का हो अजून?"

"नाही गं. उन्हात जरा पाणी येतं, इतकंच."

तिने उशाशी ठेवलेला संमतीचा कागद ओढला आणि पहिल्या ओळीपासून नीट वाचायला घेतला.