पत्र्याखालचं तापमान

जोगेश्वरीच्या चाळीत वनमाला घाडींचं घर वरच्या मजल्यावर, थेट पत्र्याखाली. गेल्या वर्षी मे महिन्यात, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले त्यांचे यजमान उष्माघाताने गेले. "खोली किती तापायची?" डॉक्टरांनी विचारलं. वनमालाबाईंना सांगता आलं नाही. टीव्हीवर तर चौतीस अंशच सांगत होते.

महिन्याभरात मुलीने त्यांना घरगुती हवामान केंद्र आणून दिलं. त्याचं एक यंत्र बाहेर सावलीत टांगलं, दुसरं घरात. रोज दुपारी तीन वाजता वनमालाबाई दोन्हींचे आकडे वहीत उतरवू लागल्या.

यंदाच्या मे महिन्यात शेजारच्या नितेशची म्हातारी आई पाय मोडल्याने अंथरुणावर होती.

"दुपारचं आईला तळमजल्यावर माझ्या बहिणीकडे ने," त्या त्याला म्हणाल्या.

"काकी, बाहेर एवढं कुठे गरम हाय?"

वनमालाबाईंनी वही त्याच्यापुढे धरली. आठवडाभर बाहेर चौतीस-पस्तीस, घरात एक्केचाळीस-बेचाळीस.

"मलापण तेव्हा असंच वाटलं होतं रे."

नितेशने आकड्यांवरून बोट फिरवलं. त्याने आईला उचललं आणि जपून जिना उतरू लागला. म्हातारीची उशी आणि औषधं घेऊन वनमालाबाई त्याच्या मागोमाग गेल्या.