अक्काचे कुरळे केस

आमच्या घरात गोष्टी सांगाव्यात तर मीच, असा एक समज आहे. तो मीच पसरवला आहे. लग्नाकार्याचे पापड लाटायला बायका बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "ती मुंग्यांची गोष्ट सांग बघू." मग मी लाटणं बाजूला ठेवते (काम चुकवायला याहून चांगलं निमित्त मला अजून सापडलेलं नाही) आणि अक्काचे केस मी कुरळे कसे केले ते सांगते. मुंग्या आल्या की सगळ्या पोट धरून हसतात. हसू ओसरायच्या आत मी पुन्हा लाटणं हातात घेते. पुढचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. अक्षरं मी लग्नानंतर मुलांच्या पाटीवर शिकले, त्यामुळे हात हळू चालतो. पण आता लिहायला बसलेच आहे, तर पुढचंही लिहिते.

आमचं गाव कॅसलरॉकच्या स्टेशनापासून दीड कोस आत, रानात. अक्का माझी थोरली बहीण. त्या साली ती चौदाची, मी अकराची. तिचे केस गुडघ्याच्या खाली, सरळसोट. न्हाऊन ती अंगणात उभी राहिली की पाठमोरी दिसायचीच नाही, नुसते केस उभे आहेत असं वाटायचं. माझी वेणी उंदराच्या शेपटीएवढी. म्हणूनच की काय, केसांच्या बाबतीत घरात सगळ्यांना शिकवायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं.

मी रोज सकाळी स्टेशनातल्या चाळीत दूध घालायला जायची. तिथे गोव्याकडची एक किरिस्ताव बाई होती, तिचा नवरा रेल्वेच्या कामावर. मला घरून ताकीद होती: दूध दारात ओतायचं, उंबरा ओलांडायचा नाही, तिथलं काही तोंडात घालायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी आत होते. चौथ्या दिवशी पाव खाल्ला. पाव खाल्ला की माणूस बाटतं हे आमच्या गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. मी पुढे महिनाभर बाटत राहिले. अक्काला तेवढं सांगितलं होतं. तिनं माझ्या तोंडाचा वास घेऊन बघितला आणि म्हणाली, "मेल्ये, मला एक तुकडा तरी आणायचा!"

त्या बाईच्या केसांना लाटा होत्या. मला वाटायचं, जन्मापासूनच्या असतील. एकदा ती डोकंभर चिंध्या बांधून दारात आली तेव्हा कळलं की त्या हातानं केलेल्या. मी विचारलं, निखाऱ्यावर तापवलेली सळई लावता काय? ती हसली. "उजो नाका गे चेडवा. ओले केंस, चिंदी आनी धीर." विस्तव नको, ओले केस, चिंधी आणि धीर. तिनं मला सगळं दाखवलं. केस धुऊन अर्धे सुकू द्यायचे. जास्वंदीची पानं चुरून त्याचा बुळबुळीत रस बोटाला लागेल तेवढाच लावायचा. अंगठ्याएवढी बट घ्यायची, शेंड्याकडून चिंधीवर गुंडाळत वर न्यायची आणि चिंधीची दोन टोकं बांधायची. पुरतं सुकल्याशिवाय हात लावायचा नाही. सोडताना बोटांना खोबरेल, आणि घाई नको.

वैशाखात अक्काला बघायला खानापुराकडची माणसं येणार असं ठरलं. मध्यस्थानं घराचं वर्णन केलं: दोन बैलजोड्या, माणसं शांत, आणि अंगणात आड. अक्कानं बाकीचं काही ऐकलं नाही. आमच्याकडे ओहोळाचं पाणी, चढण अशी की दोन घागरी डोक्यावर घेऊन वर येईपर्यंत मान खांद्यात जायची. ते काम अक्काचं. "अंगणात आड," ती मला दिवसातून चारदा सांगायची. "उंबऱ्यावर बसून पाणी काढलं तरी चालंल बघ."

तिला ते घर हवं होतं. आणि मला वाटलं, तिला ते मीच मिळवून देणार.

"सरळ केस काय, म्हशीच्या शेपटीलाबी असत्यात," मी म्हणाले. "कुरळे करूया. बघत ऱ्हातील."

"आनि बिघडलं तर?"

"बिघडतंय कशानं? मी हाय न्हवं?"

आदल्या दिवशी आईबाबा रानात पालापाचोळा गोळा करायला गेले होते. आम्ही गोठ्यामागे बसलो. आईचं फाटकं लुगडं फाडून मी चिंध्या केल्या. इथवर बाईनं सांगितल्याप्रमाणेच. पण मला कुणी काही शिकवलं की त्यात आपली भर घातल्याशिवाय चैन पडत नाही. स्वयंपाकातही माझं तेच, घरचे सांगतील. जास्वंदीचा रस मला पातळ वाटला, म्हणून त्यात सकाळच्या पेजेचं दाट पाणी घातलं. केस इतके लांब की शेंड्याकडून गुंडाळायला माझे हात पुरेनात, म्हणून मी मुळाकडून गुंडाळत खाली गेले. आणि मानेवरचे बारीक केस काही केल्या चिंधीवर राहीनात. तेव्हा मला भोकराची आठवण झाली. कच्च्या भोकराचा चीक बाबा तुटलेल्या सुपाला लावत. एकदा सुकला की सूप फाटेल पण चिकटवलेलं निघणार नाही. मी चार भोकरं फोडली आणि मानेवर चोळली.

संध्याकाळी आई आली तेव्हा अक्का डोक्यावरून पदर घेऊन बसलेली. "केस धुतलेत, ओलं हाईत," एवढंच आम्ही सांगितलं. पेजेला मुंग्या लागल्या त्या तेव्हाच. अक्का पदराखालून डोकं खाजवते आहे, आई विचारते आहे, "उवा झाल्या काय गं?", आणि मी गंभीर तोंडानं सांगते आहे, "न्हाई आई, लग्नाच्या विचारानं खाजवतंय." इथे सगळ्या हसतात. इथेच मी लाटणं हातात घेते.

सकाळी चिंध्या सोडल्या. वरचे केस खरोखर सुंदर झाले होते. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले. मग मानेवर आले. तिथली बट सुटेना. तेल लावलं, मग आणखी लावलं. चार बोटं रुंद असा एक गोळा झाला होता, केस, चीक, पेज सगळं एकजीव. चिंधीचं टोकसुद्धा सापडेना. पाहुणे वेशीपर्यंत आले अशी हाळी आली. मी त्यावर अबोलीचा गजरा बसवला. आईनं कुरळे केस बघून "हे काय?" म्हटलं खरं, पण चूल पेटलेली, पोहे भिजलेले, तिला उत्तर ऐकायला वेळ नव्हता.

मुलाची आई मोठी शांत बाई होती. तिनं अक्काला जवळ बसवलं, हातापायाची बोटं बघितली, चार प्रश्न विचारले. मग म्हणाली, "केस सोड बघू बाळ, लांबी बघूया." अक्कानं गजरा काढला नाही, नुसती खालची गाठ सोडली. बाईनं वरून हात फिरवला. हात मानेवर आला आणि थांबला. तिनं गजरा बाजूला केला.

"ही कधीपास्नं हाय?"

बाबांची थोरली बहीण, आमची आत्ती, बघायला पुढे झाली आणि तिनं तोंडावर पदर धरला. "अगं बाई. जट हाय की."

मुलीच्या केसांत आपोआप जट झाली की आमच्याकडे ती सौंदत्तीच्या डोंगरावरच्या देवीनं घातलेली खूण समजतात. ती विंचरायची नाही, कापायची नाही. ती मुलगी देवीची झाली. तिचं लग्न माणसाशी लागत नाही.

मुलाची आई रागावली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात भांडायला सगळ्यांना येत होतं. पण ती उठली, तिनं हात जोडले आणि चौदा वर्षांच्या अक्काच्या पायांना हात लावला. "आई, चुकलं," ती म्हणाली. "तुझ्या लेकराला मागायला आलो." पोह्यांना हातही न लावता ती माणसं निघून गेली.

मी दाराआड उभी होते. उत्तर माझ्या तोंडात होतं. पण ते बाहेर काढायचं तर चिंध्या कुणी शिकवल्या ते सांगावं लागणार, ते सांगितलं की उंबरा येणार, आणि उंबऱ्यामागून पाव. अक्कानं माझ्याकडे एकदाच बघितलं. उत्तर तिलाही ठाऊक होतं. तीही बोलली नाही.

चार दिवस मी गप्प राहिले. त्या चार दिवसांत आत्तीनं जटेला हळद लावली, कुंकू लावलं, शेजारच्या वाडीतल्या बायका ओटी घेऊन आल्या. अक्काला ओहोळावर जायची बंदी झाली. घागरी माझ्या डोक्यावर आल्या. पाचव्या दिवशी, मंगळवारी, आत्ती भंडाऱ्याचं ताट घेऊन बसली असताना मी सगळं ओकले. चिंध्या, पेज, भोकरं, स्टेशन, पाव.

आत्तीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आत्ती वाईट नव्हती, हेच तर दुखणं आहे. "व्हय गं," ती म्हणाली. "मग? देवीला स्वतःचं हात कुठं असत्यात? तिनं तुझं घेतलं."

तिनं ताटातला भंडारा चिमटीत घेतला आणि अक्काच्या जटेवर सोडला.

ज्या पावासाठी मी तोंड शिवून बसले होते त्याचं काय झालं ते ऐका. बाबांनी एक थोबाडीत दिली, आत्तीनं पळीभर गोमूत्र पाजलं, आणि दुपारच्या जेवणाला मी सगळ्यांच्या पंगतीत होते. मला शुद्ध करायची सोय होती. अक्काला नव्हती, ती पवित्र ठरली होती.

आईनं एकदा प्रयत्न केला. परसात बसून, खोबरेल घेऊन, एकेक केस. दोन बोटं मोकळी झालीही असतील. दुसऱ्या दिवशी आमची म्हैस आटली. आत्तीनं रिकामी चरवी आईसमोर ठेवली. आईनं पुन्हा तेलाचं भांडं काढलं नाही.

मी अक्काला विचारलं, "तू का न्हाई बोललीस त्या दिवशी?"

"तुला घराभाईर काढलं असतं. मला वाटलं, संध्याकाळी आई तेल लावून सोडवंल."

मार्गशीर्षाच्या पुनवेला बाबा तिला डोंगरावर घेऊन गेले. परत आली तेव्हा गळ्यात देवीचे मणी होते. दोन वर्षं ती घरात राहिली, मग खानापुराकडच्या जोगतिणींच्या मेळ्याबरोबर गेली. पुढे तिचं काय काय झालं ते विचारायचं नाही, असं घरात सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं. मीही त्या सगळ्यांतली एक.

आणि अक्का गेली त्याच साली ती खानापुराकडची शांत बाई पुन्हा आमच्या दारात आली. "थोरली देवीची झाली," ती म्हणाली, "धाकटी आमाला द्या." माझे केस तिनं सोडून बघितले नाहीत. बघितले असते तर कदाचित विचार बदलला असता. देवीच्या घरची मुलगी म्हणून सासरी माझा मान राहिला. तीस वर्षं मी त्या अंगणातल्या आडाचं पाणी काढते आहे. माझा नवरा चांगला माणूस आहे. हे मला फार मोठ्यानं कधी म्हणता आलेलं नाही.

अक्का वर्षातून एकदा जोगवा मागत यायची. सासूबाई होत्या तोवर त्या आतून ओरडायच्या, "सूनबाई, देवी दारात आलीया, पाया पड." मी पडायची. ती माझ्या कपाळाला भंडारा लावायची आणि दोघीही दुसरीकडे बघायचो.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी ती आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. मी तिला परसात नेलं, जेवायला वाढलं. जट आता कमरेपर्यंत आली होती, दोरखंडासारखी. बाकीचे केस पांढरे, विरळ. ती जेवत असताना मी मागे बसले आणि म्हणाले, "अक्का, मी सोडवू काय? न्हाई सुटली तर कापू. आता विचारणारं कोण हाय?"

ती भात कालवत राहिली. "आनि मग?"

"मग काय? हितंच ऱ्हा."

"कोण म्हणून?"

मी म्हणाले, "माझी बहीण म्हणून."

"बहीण व्हय," ती हसली. तिचे पुढचे दोन दात गेले होते. "येडी ती येडीच ऱ्हायलीस बघ. ही हाय म्हणून लोक माझ्या पायाला हात लावत्यात. कापलीस तर हाताला धरतील. आनि खाऊ काय? तुझ्या चुलीजवळ बसून तुझ्या सुनांचं बोलणं खाऊ?"

"माझ्या सुना तसल्या न्हाईत."

"सगळ्याच असत्यात." तिनं ताट धुऊन पालथं घातलं, स्वतःच, मी नको म्हणत असताना. परडी उचलली आणि पुढच्या दारी जाऊन उभी राहिली, जशी परकी माणसं उभी राहतात. मी सूपभर तांदूळ आणून परडीत घातले. वाकले. तिनं भंडारा लावला.

"त्या पलीकडल्या घरात कुत्रं हाय न्हवं?" तिनं विचारलं. "गेल्या साली अंगावर आलं."

"दुपारचं बांधलेलं असतंय," मी म्हणाले. "जा तू."