पायानं ऐकलेला जनरेटर

दहावीचा निकाल लागला आणि मी गाव सोडलं. काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावर माझी पेटी बांधली होती, आत माणसं कोंबली होती आणि ड्रायव्हर "सरका, अजून चार बसतेत" म्हणून ओरडत होता. बाकीच्या पोरींच्या आया सांगत होत्या, अभ्यास कर, नाव काढ. माझ्या आईनं खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "कुटं बी राहा, पन दाराजवळ झोप."

एवढंच. जीप हलली. मागं राहिलेल्या तुम्हा लोकांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. पण आपल्यातली जी पोरं पुण्या-हैदराबादला जाऊन हे विसरली, त्यांच्यासाठी लिहिते.

आमच्या घरात एक शब्द बंद होता: गुरगुर. कुत्रं गुरगुरलं की "रागावलंय" म्हणायचं. पोट गुरगुरलं की "पोट बोलतंय". मी भूकंपानंतर जन्मले, मला वाटायचं सगळीकडे असंच बोलतात. लातूरच्या मेसमध्ये मी "माझं पोट बोलतंय" म्हटलं आणि अख्खा बाक हसला. तो शब्द बंद असण्याचं कारण साधं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपाआधी वर्षभर आमच्या गावाखालची जमीन गुरगुरत होती. सांगायला गेलेल्या लोकांना कचेरीतून "काही होत नाही, जाऊन झोपा" असं सांगून परत पाठवलं. लोक झोपले. माझा मोठा भाऊ, जो मी पाहिलाच नाही, तो त्या झोपेतून उठला नाही. तेव्हापासून आई छपराखाली झोपलेली नाही. पुनर्वसनात दोन खोल्यांचं घर मिळालं. त्या खोल्यांत ज्वारीची पोती झोपतात, आई अंगणात बाजेवर. पाऊस आलाच तर उंबऱ्यावर बसून राहते.

लातूरला मला काय मिळालं? गच्चीवरची पत्र्याची खोली. चौघी जणी, एक पंखा, आणि खिडकीतून समोरच्या चौकात गुणवंतांचे फोटो लावलेले मोठमोठे फलक. मी पत्र्याच्या शेडमध्येच जन्मले होते, मला उन्हानं तापलेला पत्रा नवीन नव्हता. राग वेगळ्याच गोष्टीचा आला. तोच पत्रा गावात टाकला की त्याला भूकंपग्रस्तांचं शेड म्हणतात आणि लोक हळहळतात. कोचिंगच्या गल्लीत गच्चीवर टाकला की त्याचं नाव हॉस्टेल होतं आणि वर नियमांची पाटी लागते. माझं पहिलं पत्रक याच वाक्यावर निघालं. घरमालकानं ते वाचलं आणि मला खोली सोडायला सांगितली.

मग नांदेड. विष्णुपुरीच्या कॉलेजात इलेक्ट्रिकलला नंबर लागला, पदवी झाली आणि नोकरीऐवजी मी सरकारला जाब विचारणाऱ्या चळवळीत शिरले. शाळेची एक भंगारात निघालेली मिनीबस आम्ही घेतली. मागच्या बाकांच्या जागी दोन झोपायच्या फळ्या, एक शेगडी, पत्रकांचे गठ्ठे, आणि टपावर एका हितचिंतकानं दिलेला जुना एसी. गावोगावच्या पोरांना भेटत फिरायचं आणि गाडीतच राहायचं. नांदेडात असले की विष्णुपुरीच्या रस्त्याला एका ओळखीच्यांच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लावते. तिथं विजेचं कनेक्शन नाही, त्यामुळे एसी टपावर नुसता शोभेला होता.

गेल्या मे महिन्यात आईला ऊन लागलं. भरदुपारी अंगणात पडलेली, बेशुद्ध. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, पुढचा महिनाभर हिला दुपारचं गारव्यात ठेवा, पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही. मी तिला गाडीत आणलं. आता मला जनरेटर हवा होता, आणि तो चुकला तर काय होणार हे मला नीट माहीत होतं.

माझा सहकारी बालाजी त्याच दिवशी एक जनरेटर घेऊन आला. त्याच्या मामाचा वरातीचा धंदा. लाइटिंग, बेंजो, भोंगे, सगळं त्या डिझेलच्या धुडावर चालायचं. आपल्याकडं कुणाला वीज पाहिजे म्हटलं की पहिला वरातीचा जनरेटरच आठवतो. बालाजीनं ते धूड गाडीला चिकटून लावलं आणि हँडल फिरवलं. एसी लागला, गार हवा आली, आणि गाडीचा पत्रा, फळी, शेगडीवरचं पातेलं, सगळं एका सुरात थरथरायला लागलं. आई फळीवरून उठली आणि अनवाणी पळत प्लॉटच्या मधोमध जाऊन उभी राहिली. त्या उन्हात. माझा हात धरून ओढत म्हणाली, "भाईर ये आधी! भाईर ये!"

बालाजी खजील झाला. "काकू, पावर लई हाय हो याची."

"हाय ना. गाव पाडंल इतकी हाय," आई म्हणाली.

इंजिनिअरिंगचं गणित मला पाठ होतं. एक टनाचा एसी चालताना बाराशे वॅटच्या आसपास खातो, पण कॉम्प्रेसर उठताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट मागतो. तो झटका पेलेल एवढा जनरेटर घ्यायचा, उन्हात त्याची ताकद थोडी घटते तेही धरायचं. कागदावर एवढंच. माझं गणित मात्र उलटं झालं होतं: आधी हादरा बघायचा, मग ताकद.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी आईला घेऊन देगलूर नाक्याकडच्या मुजीबभाईंच्या दुकानात गेले. पंप, जनरेटर, सगळं ठेवतात. मुजीबभाईंनी सवयीनं सगळ्यात मोठ्यावर हात ठेवला. "ताई, हे घ्या. ह्यावर पूरी बारात नाचते."

"मला वरात नाही काढायची, भाई. आईला झोपवायचंय."

त्यांनी आईकडं बघितलं आणि पोराला खुर्ची आणायला सांगितली. आई बसली नाही. तिनं चपला काढल्या आणि फरशीवर अनवाणी उभी राहिली. मुजीबभाईंनी पहिलं मशीन चालू केलं. आईनं नाही म्हणून मान हलवली. दुसरं. पुन्हा मान हलवली.

"अम्मा, आवाज कानानं ऐकायचा असतो," मुजीबभाई हसले.

"तुमी कानानं ऐका. आमी पायानं ऐकतो."

मुजीबभाईंचं हसू थांबलं. "किल्लारीकडच्या का?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी मागून सुटकेसएवढा, बंद पेटीतला एक पेट्रोल जनरेटर आणला. इन्व्हर्टर पद्धतीचा, लोड कमी झाला की आपोआप मंद होणारा. खाली जाड रबर टाकलं आणि चालू केला. आई बराच वेळ उभी राहिली. मग चपला घालत म्हणाली, "ही जरा शहाणी हाय."

शहाणी होती, पण थोडी अशक्त. कॉम्प्रेसर उठायचा झटका तिला पेलवला नसता. म्हणून मी एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवला, म्हणजे कॉम्प्रेसर दणकन न उठता हळूहळू उठतो. जनरेटर गाडीपासून लांब ठेवला, दोन जुन्या टायरांवर, धूर वाऱ्याबरोबर पलीकडं जाईल असा. बंद गाडीत धूर शिरला तर माणूस झोपेतच जातो, आणि आमच्या घरातलं तसं एक माणूस आधीच गेलेलं आहे. जाड केबल ओढली. बालाजी म्हणाला, "आता काकूला विचार." मी विचारलं नाही. मी आत पत्रकांच्या घड्या घालत बसले.

आई आत आली. फळीवर टेकली. मग आडवी झाली. एसीचा कॉम्प्रेसर उठला तेव्हा तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं.

"काय गं?"

"कॉम्प्रेसर हाय आई. वरचा. खालचं काही न्हाई."

"असं व्हय," म्हणाली, आणि भिंतीकडं कूस वळवली. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला छपराखाली झोपलेलं पहिल्यांदा पाहिलं. तोंड थोडं उघडं, हात गालाखाली. माझ्या हातातल्या पत्रकावर ठळक अक्षरांत 'जाब द्या' छापलं होतं आणि मी ते तोंडाशी धरून रडत होते.

गावाकडचे विचारतात, तुझं घर कुठं? कॉलेजातले विचारतात, सेटल कधी होणार? सांगते. कुणी सुखानं डोळे मिटावेत म्हणून जिथं मी राबू शकते, ते माझं घर. आज ते चार चाकांवर आहे, उद्या कुठं असेल ठाऊक नाही. आणि ज्यांनी "जाऊन झोपा" म्हटलं, त्यांना मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही.

आई ऊन कलल्यावर उठली. पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं, समोरच्या रिकाम्या फळीकडं बघितलं.

"ही कुणाची?"

"कुणाचीच न्हाई. पत्रकं ठेवते मी."

"काढ की ती. गावाकडनं शेजारच्या जनाबाईला बोलावून घे. तिची तर दोन लेकरं गेलती. ती बी अंगणातच बसती."

मी गठ्ठे उतरवायला लागले. एसीला किती वीज लागते ते त्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं. आणखी एक बाई झोपवायला वेगळी वीज लागत नाही.