खाटेजवळची तपासणी

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी एका दैनिकासाठी ठाणे ते कल्याण हा पट्टा सांभाळत असे. डोंबिवली आणि कल्याणमध्ये तेव्हा गल्लोगल्ली लॅब निघत होत्या. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारा दुसराच, अशा चार ठिकाणांची बातमी मी केली. शेवटचा परिच्छेद ठाणे पूर्वेच्या कोपरीचा होता. तिथल्या एका धर्मादाय प्रसूतिगृहात लघवीची तपासणी परिचारिकाच करते, तीही ओपीडीच्या टेबलावर, स्पिरिटच्या दिव्यावर. हे मी स्वतः पाहिलं होतं. वाक्य खरं होतं.

बातमी छापून आली आणि विश्वस्त घाबरले. परिचारिकेला मेमो मिळाला: विनापरवाना प्रयोगशाळेच्या तपासण्या केल्याबद्दल खुलासा करावा. दिवा आणि नळ्या कपाटात गेल्या, कपाटाला कुलूप लागलं. नमुने स्टेशनपलीकडे पश्चिमेच्या लॅबमध्ये न्यायचे, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, असं ठरलं. सिस्टरच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. खुलासा पटला नाही, तर कामावरून कमी करू, असं त्यांना तोंडी सांगण्यात आलं होतं.

हे मला त्यांच्याच फोनवरून कळलं.

"पत्रकारसाहेब, बातमी तुम्ही दिलीत. आता खुलासाही तुम्हीच लिहून द्या."

मी गेलो. तो बुधवार होता, गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस. बाहेरची बाकं भरली होती. आत प्रसूतिगृहाचे साठीला आलेले डॉक्टर बसले होते. कुठली तपासणी कशात मोडते हे ठरवायचं आणि मेमोचा निकाल लावायचं काम विश्वस्तांनी त्यांच्यावर टाकलं होतं. समोर फुलस्केप कागद, त्यावर उभी रेघ. एका बाजूला 'खाटेजवळ', दुसऱ्या बाजूला 'लॅब'.

"थर्मामीटर?" डॉक्टरांनी विचारलं.

"खाटेजवळ," सिस्टर म्हणाल्या.

"वजनकाटा?"

"डॉक्टर, मस्करी करताय माझी?"

"मस्करी कसली? पेपरवाले बसलेत समोर. उद्या वजनकाट्याचंही लायसन्स मागतील."

ब्लडप्रेशर पहिल्या रकान्यात गेलं. लघवीच्या नळीपाशी पेन थांबलं.

"शरीरातून काही बाहेर काढून तपासलं की ती लॅब," डॉक्टर म्हणाले. "सोपा नियम आहे."

"मग पाणमोट फुटल्यावर पाणी हिरवं आहे का बघते, ते? तेही बाटलीत भरून पश्चिमेला पाठवू? तोवर पोर थांबेल का पोटात?"

"ते नुसतं बघणं झालं, सिस्टर. इथे तुम्ही तापवता, ॲसिड घालता."

"तापवल्याशिवाय दिसत नाही म्हणून तापवते. हौस आहे का मला?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही त्या दिवशी नक्की काय पाहिलंत?"

मी वही उघडून वाचलं. नळीचा वरचा भाग दिव्यावर धरला. लघवी पांढुरकी झाली. ॲसिडचे थेंब घातले. निवळली नाही, म्हणजे लघवीत प्रथिनं, गरोदर बाईला झटके येण्याचा धोका. सिस्टरनी बाईचं ब्लडप्रेशर पुन्हा घेतलं, डॉक्टरांना हाक मारली. बाईला लगेच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. सगळं मिळून दहा मिनिटं.

"शेवटची दोन वाक्यं बातमीत नव्हती," डॉक्टर म्हणाले.

"जागा नव्हती."

हे खरं नव्हतं. डेस्कवर कोणी काही कापलं नव्हतं. ती वाक्यं ठेवली असती, तर तो परिच्छेद त्या बातमीत बसला नसता. म्हणून मीच ती लिहिली नव्हती. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

डॉक्टरांनी सावकाश लिहायला घेतलं. ज्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन बाई दुसरीकडे जाणार, ती लॅबची. बाई समोर असताना तिचं आत्ता काय करायचं एवढ्यापुरती जी पाहिली, ती खाटेजवळची. संशय आला, तर नमुना लॅबलाही जाईल, पण बाई त्यासाठी थांबणार नाही. नळी पहिल्या रकान्यात गेली. खाली त्यांनी मेमो मागे घेतल्याचं लिहिलं.

"सही, तारीख आणि शिक्का," सिस्टर म्हणाल्या. तिन्ही घेऊन त्यांनी कपाटाची किल्ली मागितली. कपाट अकरा दिवस बंद होतं.

मला निघायला हरकत नव्हती. मी दारापाशी उभा राहिलो. पहिल्या पाच नळ्या स्वच्छ निघाल्या. सहावी बाई खाडीकडच्या कोळीवाड्यातली, आठवा महिना. मनगटावरच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. नळी तापली आणि वरचा भाग दह्यासारखा झाला. थेंब पडले. तो तसाच राहिला.

"पाय कधीपासून सुजलेत गं?"

"धा दीस झालं असतील, बाय. मी आलेली ना गेल्या बुधवारी. तुमीच बोललात, बाटली पश्चिमेला नेऊन दे. नवरा होडीवर, घरात दोन पोरं. कोन नेनार?"

सिस्टरनी ब्लडप्रेशर घेतलं, आकडा डॉक्टरांना सांगितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उभेच आहात, तर रिक्षा आणा."

पहिल्या दोन रिक्षावाल्यांनी पश्चिमेच्या मोठ्या हॉस्पिटलात यायला नकार दिला. तिसरा दुप्पट भाड्यावर आला. सिस्टर बाईबरोबर बसल्या, डॉक्टरांची चिठ्ठी हातात धरून.

मेमो मागे घेतल्याची बातमी मी संध्याकाळी दिली. चार ओळी, आतल्या पानावर. त्या बाईबद्दल काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा केला.

"बाई जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पोट उघडून बाळ काढावं लागलं. काचेच्या पेटीत ठेवलंय. आत्ताच काही सांगता येत नाही म्हणतात. आणि रोज फोन करू नका, इथे बायकांची लाइन लागलीय."

चौथ्या दिवशी मी दुपारपर्यंत थांबलो आणि फोन केला.