मागचं दार बघणाऱ्या आक्का

"मागचं दार कुठं हाय?"

कुठल्याही परक्या घरात पाऊल टाकलं की आक्का पहिल्यांदा हे विचारायच्या. पदर कमरेला खोचायचा, मान थोडी वाकडी करून घरात लांबवर बघायचं आणि मग विचारायचं. समोर सतरंजी अंथरलेली असायची, पुरुष मंडळी पंख्याखालची जागा धरून बसलेली असायची, आतून पोह्यांच्या फोडणीचा वास येत असायचा. आक्का बसायच्याच नाहीत.

भोंगवलीत आमच्या घराला लागून त्यांचं घर होतं. मध्ये छातीएवढी भिंत. रक्ताचं नातं काही नव्हतं, पण त्या साऱ्या वस्तीच्या आक्का होत्या. माझी आजीसुद्धा त्यांना आक्काच म्हणायची, आणि आजी त्यांच्यापेक्षा वयानं मोठी होती. वस्तीतल्या कुणाच्या पोरीचं लग्न ठरायला आलं, मुलाचं घर बघायला जायचं झालं, की टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा आक्कांची. त्याबद्दल कुणी चर्चा करत नसे.

घर समोरून कसं आहे, हे त्या बघतच नसत. समोरून सगळेच रंग लावतात, असं त्यांचं म्हणणं. त्या थेट मागं जायच्या. चूल बघायच्या, भांडी घासायची जागा बघायच्या, घरातल्या सुनांशी बोलायच्या. नकार असला तरी तो तोंडावर कधी द्यायच्या नाहीत. परत येऊन चहाचा कप अर्धा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चला, एसटी चुकंल." आता आम्ही टेम्पोनं गेलेले, टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर आत पोहे खातोय. तरी आक्कांनी एसटीचं नाव काढलं की आमची माणसं मुकाट्यानं चपला शोधायला लागायची. चहा शेवटच्या घोटापर्यंत संपला, तर मात्र स्थळ पक्कं समजायचं.

वस्तीतल्या एका मुलीसाठी वरवे बुद्रुकला एक फार सुरेख घर बघितलं होतं. नव्या फरशा, गॅलरीला स्टीलचे कठडे, मुलगा कंपनीत कायम. आक्का मागं गेल्या आणि लगेच परतल्या. थोरली सून गोठ्याजवळ उभ्यानं जेवत होती. बसून का जेवत नाहीस, असं यांनी विचारलं, तर ती आधी दाराकडं बघायला लागली. आक्कांनी चहाला ओठसुद्धा लावला नाही. परतताना मुलीचा मामा टेम्पोत एवढा चिडला होता, की नसरापूर येईपर्यंत पाठ फिरवून बसला होता.

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा भिंतीपलीकडून शेंगा फोडता फोडता सांगितलं. त्यांना ज्या घरी दिलं, ते घर त्यांच्या वडिलांनी ओसरीवर बसून बघितलं होतं. "मागं गेलं असतं तर सासूबाईंच्या हातावरचे चटके दिसले असते," त्या म्हणाल्या. "ज्या घरात त्या म्हातारीला चटके देत व्हते, तितं मला काय सोडनार व्हते?" पाठीवर वळ घेऊन त्या माहेरी आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. सांगताना त्यांचा हात थांबला नाही, शेंगा फुटत राहिल्या.

आता माझं सांगते. बारावीनंतर मी मार्गासनीच्या पुढं, डोंगराखाली असलेल्या एका खासगी विद्यापीठाचा अर्ज भरला. आमच्या भागातल्या लोकांना त्याची कमान माहीत होती, कमानीच्या आत काय आहे ते माहीत नव्हतं. देशभरातून मुलं येतात, निवडून निवडून घेतात, एवढं ऐकून होतो. भोरच्या कॉलेजातल्या बाईंनी आग्रह केला म्हणून मी लेखी परीक्षा दिली. त्यात पास झाले आणि मुलाखतीला बोलावणं आलं. निवड झाली तर फी माफ होणार होती, तेव्हा प्रश्न तो नव्हता. प्रश्न माझ्या वडिलांचा होता.

आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. शिकण्याला त्यांची ना कधीच नव्हती. आमची वस्ती बौद्धांची, पोरांनी शिकायचं हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पण चार वर्षं वसतिगृहात, त्या मोठमोठ्या घरांतल्या, इंग्रजीत हसणाऱ्या मुलांमध्ये मी एकटी, याची त्यांना धास्ती होती. शहरातल्या कॉलेजात शिकायला गेलेला वस्तीतला एक मुलगा न शिकताच परतला होता. काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णा रोज जेवताना एकच विचारायचे, "तितं आपलं कोन हाय?" आई त्यांच्या ताटात आणखी भाकरी वाढायची.

शेवटी आक्काच भिंतीवरून म्हणाल्या, "पोरगी द्यायची तर घर बघून देऊ की." आणि मुलाखतीच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. नसरापूरला गाडी बदलली, वेल्ह्याच्या एसटीत बसलो. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आक्का खिडकीशी बसल्या होत्या आणि वाटेत मला एकच गोष्ट बजावत होत्या. ते विचारतील त्याचं उत्तर दे, पण एक तरी गोष्ट तू त्यांना विचार. आपणही बघायला आलोय हे त्यांना कळलं पाहिजे.

मुलाखतीत तिघं होते. मी अडखळत इंग्रजी बोलले. माझे तळहात इतके घामेजले होते की मी ते मांडीखाली धरले होते. शेवटी एका पांढऱ्या केसांच्या प्राध्यापक बाईंनी तुला काही विचारायचं आहे का, असं विचारलं. मी विचारलं, इथं नापास होणाऱ्या मुलांचं काय होतं? मग बाई मराठीत म्हणाल्या की आम्ही त्यांना पुन्हा शिकवतो, तरीही काही जण सोडून जातात आणि त्याचं वाईट वाटतं. मला ते उत्तर आवडलं. आक्कांनी ते ऐकायला हवं होतं.

मग पालकांना परिसर दाखवायची फेरी निघाली. बिल्ला लावलेली एक हसरी विद्यार्थिनी पुढं चालत होती. काचेचं ग्रंथालय, सभागृह, पोहण्याचा तलाव. पालक फोटो काढत होते. आक्कांनी पदर खोचला. मी अण्णांकडं बघितलं, अण्णांनी जमिनीकडं बघितलं.

"मागचं दार कुठं हाय?"

त्या मुलीला मराठी जेमतेम येत होतं. तिनं मोठ्या अदबीनं आक्कांना आग लागली तर बाहेर पडायचं दार दाखवलं. आक्कांनी ते ढकलून बघितलं. बाहेर मोटारी लावलेल्या. "हे पळायचं झालं," त्या म्हणाल्या. "राबायचं कुठलं?"

तेव्हा अण्णा पुढं आले. माझे अण्णा आक्कांना आयुष्यात उलटून बोलले नव्हते. ते अगदी हळू म्हणाले, "आक्का, आज नगं. आपल्या मान्सांची हयात लोकांच्या मागच्या दारात भाकरी मागत गेली. माझी पोरगी पुढच्या दारानं आत आलीया. तुमी मागं जाऊ नका."

आक्कांनी खोचलेला पदर आणखी घट्ट केला.

"तवा त्यांनी उभं केलं व्हतं," त्या म्हणाल्या. "आज म्या माझ्या पायानं चालले."

अण्णा आले नाहीत. दर्शनी दालनातल्या गुबगुबीत खुर्चीच्या कडेवर हाताची घडी घालून बसून राहिले. मी आक्कांच्या मागं गेले.

खानावळीच्या मागं उतार होता. भाजीचे प्लास्टिकचे क्रेट रचलेले होते, दोन बायका मोठाली पातेली घासत होत्या, आत चपात्यांच्या तव्यापाशी बाकीच्या. मार्गासनीच्या, आसपासच्या वाड्यांवरच्या, एकजण वरच्या धनगरवाड्यातली. आक्कांनी एक रिकामा क्रेट उलटा केला आणि माहेरी आल्यासारख्या बसल्या. गाव विचारून झालं, कुणाकुणाची ओळख निघाली, गुडघेदुखीवर बोलून झालं. मी अवघडून उभी होते. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"पोरी रडत्यात का?"

"रडत्यात की," मार्गासनीच्या मावशी चपाती उलटत म्हणाल्या. "पैल्या महिन्यात तर लई. मोठ्या घरच्या बी रडत्यात."

"मग तुमी काय करता?"

"काय करनार? गरम चपाती देतो."

आक्कांनी आणखी काही विचारलं नाही. मला पुढं धाडून त्या मावशींच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि मग आल्या. दालनात यंत्राचा चहा होता, कागदी कपातला, पांचट. आक्का अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि फुंकर घालत प्यायला लागल्या. अण्णांची नजर कपावरून हलत नव्हती, माझीही नाही. आक्कांनी शेवटचा घोट घेतला, कपात बघितलं आणि आणखी एक मिळंल का, असं त्या बिल्लेवालीला विचारलं. अण्णांनी हाताची घडी सोडली.

परतीच्या एसटीत त्या अण्णांना एवढंच म्हणाल्या, "तितं आपलं कोन हाय म्हनत व्हतास न्हवं? हायत. बघून आले."

माझी निवड झाली. पहिलं सत्र फार वाईट गेलं. खोलीतली मुलगी दिल्लीची, स्वभावानं गोड, पण तिला माझं निम्मं बोलणं कळत नसे आणि मला तिचं निम्मं. वर्गात प्राध्यापकांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मुलं हात वर करायची. मला प्रश्न कळेपर्यंत चर्चा तिसऱ्याच पुस्तकावर गेलेली असायची. खानावळीत कुठल्या टेबलावर बसायचं हे मला समजत नसे, म्हणून मी जायचीच नाही. खोलीत बसून घरचे लाडू खायची. सत्र संपलं आणि संख्याशास्त्रात मी नापास झाले. मी पिशवी भरली.

एसटीच्या थांब्याकडं जायला खानावळीच्या मागून जवळचा रस्ता होता, म्हणून तिकडून निघाले. मार्गासनीच्या मावशी दारात उभ्या होत्या. "भोंगवलीची न्हवं तू? बस हितं," त्या म्हणाल्या आणि पायानं क्रेट पुढं सरकवला. त्यांनी गरम चपाती हातात दिली, वर तूप-साखर. मी खाताना रडत होते, त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. नंतर म्हणाल्या, "तुझ्या आक्का सांगून गेल्यात. आमची पोरगी रडनार न्हाई, जेवायची बंद हुईल, तवा वळखा. आमी रोज बघतोय, तू कवा येतीस ते."

मी पिशवी घेऊन खोलीत परत गेले. दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या केसांच्या बाईंकडं गेले आणि नापास झालेल्यांना तुम्ही पुन्हा शिकवता ना, असं विचारलं. त्यांनी खुर्ची ओढून दिली. पुढच्या सत्रात संख्याशास्त्र सुटलं, आणि मीही वर्गात हात वर करायला शिकले, बहुतेक वेळा चुकीच्या उत्तरासाठी.

आक्का स्वतः पुन्हा विद्यापीठात आल्या नाहीत. एकदा घर बघितलं की सारखं सारखं बघायला जायचं नसतं, म्हणायच्या. पदवी घेशील तेव्हा येईन, तेही पुढच्या दारानं, नवं पातळ नेसून. सुट्टीला घरी गेले की भिंतीवर कोपरं टेकून त्यांच्या चौकशा सुरू व्हायच्या. पण अभ्यासाचं त्या कधी विचारत नसत. मार्गासनीच्या मावशींचा गुडघा कसा आहे, धनगरवाड्यातल्या बाईच्या लेकीला काय झालं, मुलगा की मुलगी. मला हे माहीत असावं लागायचं. म्हणून मला दर दोन-चार दिवसांनी खानावळीच्या मागं जाऊन बसावं लागायचं. ही त्यांची युक्ती होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तिसऱ्या वर्षी त्या आजारी पडल्या. भोरच्या दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते, दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. बोलणं तुटक झालं होतं. त्यांनी माझा हात धरला, मग आपणच सोडला. "जा बाई," त्या म्हणाल्या, "एसटी चुकंल." ते ऐकून मला सवयीनं हसू आलं, त्याही हसल्या. मी खाली उतरले आणि खरंच धावत जाऊन एसटी पकडली. पेपर झाल्यावर फोन सुरू केला, तेव्हा त्या गेल्या होत्या.

तुमच्याही शेजारी कधी असं कुणी असेल, तर भिंतीपलीकडच्या शांततेचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. मी अजूनही घरी गेले की हातपाय धुऊन आधी भिंतीपाशी जाते. सांगायला बातम्या असतात. मार्गासनीच्या मावशींचा नातू आता शाळेत जातो. हे मी कुणाला सांगू? मला त्यांची फार आठवण येते.

पदवीदानाला आई आणि अण्णा आले. दाराशी फुलं, दोन्ही बाजूंना हसून वाकणारी मुलं, आणि त्यांच्यामधून माझे अण्णा त्याच पांढऱ्या शर्टात ताठ चालत आत गेले. माझं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते उभे राहिले. शेजारच्या पालकांना वाटलं तशीच पद्धत आहे, तेही उभे राहिले. नंतर पायऱ्यांवर फोटोंसाठी झुंबड उडाली. माझ्या खोलीतल्या मुलीच्या आईनं माझ्या आईला मिठीच मारली होती, दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत जोरजोरात बोलत होत्या. अण्णांनी मला हाताला धरून बाजूला नेलं.

"ते मागचं दार कुठं हाय गं?"

मी त्यांना घेऊन गेले. उतारावर क्रेट तसेच रचलेले होते. बायकांनी मला त्या काळ्या झग्यात बघितलं आणि हातातली कामं टाकून दारात आल्या. अण्णांनी दोन्ही हात जोडले, "जयभीम," म्हणाले. "आमच्या आक्का हितं आल्या व्हत्या," ते म्हणाले. मार्गासनीच्या मावशींनी एक क्रेट उलटा केला, दाराच्या डाव्या अंगाला, बरोबर आक्का बसल्या होत्या तिथंच. अण्णा त्यावर बसले. मावशींनी त्यांच्या हातात गरम चपाती ठेवली. ते ती हळूहळू, तुकडा तुकडा मोडून खात होते आणि आतल्या तव्याकडं, पातेल्यांकडं, बायकांकडं बघत होते.

सावल्या लांबल्या होत्या. खाली रस्त्यावर वेल्ह्याकडून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू आला. तिच्यानंतर नसरापूरला जायला काही मिळत नाही.

"अण्णा," मी म्हणाले, "एसटी चुकंल."

"चुकू दे," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक चपाती मागितली.