कंपाउंडरकाकांची कात्री

उभी हयात दवाखान्यात सुया उकळण्यात आणि पुड्या बांधण्यात गेली, म्हणून निवृत्तीनंतरही ते कंपाउंडरकाकाच राहिले. फक्त रोगी बदलले. गल्लीत कुणाच्या कुंडीतलं पान पिवळं पडलं की काका हजर. पान उजेडाकडे धरायचे, पाठीवरून बोट फिरवायचे आणि निकाल द्यायचे. खालची पानं पिवळी? पाणी जास्त झालं. कडा करपल्या? खत जास्त. डाग ओला, मऊ? बुरशी. मग खिशातली कात्री काढून आजारी पान छाटायचे, कात्री पँटला पुसायचे आणि चालले पुढच्या घरी! गुण यायचा, खोटं कशाला बोला.

गल्लीला ऑर्किडचं वेड लावलं होतं त्यांच्या बायकोनं. आपल्या झाडाचे फुटवे तिनं घरोघरी वाटले. मूळ झाड मात्र तिच्या खिडकीतच राहिलं. जाण्याआधी ती म्हणाली होती, "एवढं जगवा. मग मी गेले असं वाटायचं नाही तुम्हाला."

गल्लीतल्या शिंप्यानं बाजारातून एक नवं ऑर्किड आणलं, त्याच्या पानांवर फिकट पिवळी कडी होती. कड्याच्या आत कडं. "गार पाणी पडलं असेल," म्हणत काकांनी ती पानं छाटली. काही आठवड्यांनी शेजारच्या घरी तशीच कडी उठली. मग समोरच्या. पाणी बदललं, जागा बदलली, औषध फवारलं, तरी कडी काळवंडत गेली आणि कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. काकांना झोप लागेना. एकच दिलासा होता, घरचं झाड स्वच्छ होतं. त्याच्या पानाला त्यांनी कधी कात्री लावलीच नव्हती.

आज सकाळी त्याचा फुलून वाळलेला दांडा तेवढा त्यांनी हिरव्या बुंध्यापाशी कापला आणि पलीकडच्या शिक्षिकाबाईंनी बोलावलं म्हणून ऐटीत निघाले.

बाईंनी कुंडी पुढे सरकवली. "काका, रागावू नका, पण हे बघा. मागच्या खेपेला तुम्ही जिथं कापलंत ना, तिथूनच सुरू झालंय."

काकांनी पाहिलं. कापलेल्या पानाच्या बुंध्यापासून कडी वर चढत गेली होती. शिंप्याकडची पानं छाटून ते तसेच शेजारी गेले होते, शेजारून समोर, समोरून इथे. माणसाला टोचलेली सुई त्यांनी एकदाही उकळल्यावाचून दुसऱ्याला टोचली नव्हती. आणि कात्री? पँटला पुसत होते शहाणे! कुंडी तिथंच ठेवून ते उठले.

घरी येऊन त्यांनी खिडकीतल्या झाडाचं एकेक पान उजेडाकडे धरलं. हिरवंगार. पण त्यात समाधान कसलं? हा रोग आत शिरला की आठवडेच्या आठवडे दिसत नाही, आणि त्यावर औषध नाही. सकाळचा काप अजून ओलसर होता.

काकांनी पातेल्यात पाणी ठेवलं आणि कात्री आत सोडली. वरातीमागून घोडं, हे त्यांनाही कळत होतं. तरी ते हात जोडल्यासारखे शेगडीपाशी उभे राहिले.

सूनबाई आत आली आणि उकळतं पातेलं बघून हसली. "काय बाबा, परत दवाखाना? कुणाला इंजेक्शन द्यायचंय?"

काका खिडकीकडे बघत होते.

"देऊन झालं," ते म्हणाले.